ऑर्गनॉइड वाढवायचेत? आधी फाइल उघडा

जून २०२२ मध्ये आमच्या पुण्यातल्या लॅबला प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र आलं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या पेशींपासून ऑर्गनॉइड (बशीत वाढवलेली आतड्याची छोटी रूपं) वाढवायचे, त्यांच्यावर आतड्यात एरवी नांदणाऱ्या जिवाणूंची एक छोटी वस्ती बसवायची, आणि मग त्यात 'शिगेला' नावाचा जंतू सोडून काय होतं ते बघायचं, असा विषय. मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पेशी वाढवण्याचा हात होता, पण तो कॅन्सरच्या सेल लाइनवर (एकाच नमुन्यापासून वाढवत नेलेल्या पेशींवर) बसलेला. त्या कशाही वागवल्या तरी वाढतात. ऑर्गनॉइड तसे नाहीत. आणि त्यांच्याही आधी जे करावं लागतं, त्याबद्दल शोधनिबंधांत एक ओळ असते: 'संस्थेच्या समितीची परवानगी घेतली होती.' त्या एका ओळीत आमचे सहा-सात महिने गेले. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्या ओळीसाठी.

शिगेला म्हणजे रक्ती आवेचा जंतू. कियोशी शिगा यांनी १८९७ च्या जपानमधल्या साथीत तो हुडकला. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार व्हायला पुरतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या मोठ्या पाहणीत (२०१३ साली ती छापून आली) मुलांच्या गंभीर जुलाबांमागच्या पहिल्या चार जंतूंमध्ये शिगेला होता. गंमत अशी, की साध्या उंदराला तो तोंडावाटे दिला तर उंदराला काही होत नाही. म्हणजे नेहमीचा प्राणी इथे कामाचा नाही. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून (स्टेम सेल, जिच्यापासून बाकीच्या पेशी बनतात) आतड्याचं छोटं रूप बशीत वाढवून दाखवलं, २०११ मध्ये तेच माणसाच्या पेशींपासून जमलं, आणि आमच्यासारख्यांना वाट सापडली. २०१६ मध्ये अमेरिकेत मेरी एस्टिस यांच्या गटानं माणसाचा नोरोव्हायरस (जुलाब-उलट्यांचा विषाणू) अशाच पेशींवर वाढवला. त्याआधी कित्येक दशकं तो कुणाला बशीत धड वाढवता आला नव्हता.

जुलैत एथिक्स कमिटीचा अर्ज भरायला घेतला. ऊती, म्हणजे आतड्याच्या तपासणीत काढलेले बायोप्सीचे तुकडे, रुग्णालयातून येणार, म्हणून रुग्णालयाची एक कमिटी, आमच्या संस्थेची दुसरी. शिवाय मूळपेशींचा संबंध, म्हणून संस्थेची स्टेम सेल समिती तिसरी. ती २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लागते. जंतू आणि जनुकीय बदल केलेल्या पेशी, म्हणून जैवसुरक्षा समिती चौथी. तिला सगळे आयबीएससीच म्हणतात. दोन संस्थांमध्ये करार हवा, तो शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पाचशेचा लागतो, बजेटमध्ये धरा.) परदेशी भागीदार असता तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, यांच्यामार्फत आणखी एक मंजुरी लागली असती. आम्हाला नव्हता, सुटलो.

यात एकच गोष्ट आधी कुणीतरी सांगायला हवी होती. हे अर्ज एकामागोमाग एक करायचे नसतात. जवळपास प्रत्येक समिती दुसरीचं पत्र मागते, आणि तुम्ही ते येण्याची वाट बघत बसता. 'मंजुरी प्रलंबित, अर्ज क्रमांक अमुक' असं लिहून पोचपावती जोडली की बहुतेक ठिकाणी अर्ज घेतात आणि अट घालून पुढे सरकवतात. सदस्य सचिवांना आधी फोन करून विचारा. ईमेलपेक्षा फोनला उत्तर लवकर मिळतं, हा माझा सार्वत्रिक अनुभव.

रुग्णालयाची बैठक ऑगस्टमध्ये ठरली होती. कोरम भरेना म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटावर गेली, कारण मध्ये गणपती. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे समितीत सात ते पंधरा लोक असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि त्यात एक कायद्याचा माणूस नि एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो. आमच्या समितीतल्या सर्वसामान्य नागरिक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. डॉक्टर मंडळींनी विचारलेले प्रश्न अपेक्षित होते: बायोप्सीचे जास्तीचे तुकडे किती, रक्तस्रावाचा धोका किती, नाव कसं लपवणार. मग बाई म्हणाल्या, "आव लागते ती लहान पोरांना. तुम्ही तुकडे घेणार ते कोलोनोस्कोपीला आलेल्या पन्नाशी-साठीतल्या माणसांचे. मग उत्तर मिळणार ते नक्की कुणाचं?"

माझे मार्गदर्शक सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी सरांकडे. प्रश्न नेमका होता. ऑर्गनॉइड ज्या भागातून घेतले त्या भागाचा स्वभाव टिकवून ठेवतात, मोठ्या आतड्याचे मोठ्या आतड्यासारखेच राहतात, हे माहीत आहे. म्हणजे देणारा कोण हा मुद्दा किरकोळ नाही. आम्ही तिथल्या तिथे सांगितलं की हा पहिला टप्पा प्रौढांपुरता आहे आणि मुलांबद्दल यातून दावा करणार नाही. बाईंनी ते वाक्य प्रोटोकॉलमध्ये लेखी घालायला लावलं. पुढे ते प्रत्येक सादरीकरणात माझ्या दुसऱ्याच स्लाइडवर राहिलं.

दुसरा प्रश्न वकील सदस्यांचा: "पेशंटनं सहा महिन्यांनी 'नको' म्हटलं तर?" रक्ताचा नमुना असता तर फेकून दिला असता. इथे त्या माणसाच्या पेशी तोवर वाढून, कुप्यांमध्ये भरून, द्रव नायट्रोजनमध्ये बसलेल्या असणार. आम्ही असं लिहून दिलं: साठवलेल्या सगळ्या कुप्या नष्ट करू, नवे प्रयोग थांबवू, मात्र तोवर मिळालेली नाव नसलेली माहिती राहील. आणि संमतीपत्रात वेगवेगळे चौकोन केले: फक्त या प्रकल्पासाठी, पुढच्या संशोधनासाठीही, कंपनीबरोबरच्या कामासाठीही. एकाच सहीत सगळं उरकायचं नाही. हे आधीच करून न्या, एक फेरी वाचेल. माहितीपत्रक मराठी आणि हिंदीत हवं. मराठी मजकुराचं पुन्हा इंग्रजी भाषांतर करून जुळवून बघतात, म्हणून वाक्यं छोटी ठेवा.

मंजुरीचं पत्र नोव्हेंबरमध्ये हातात आलं, स्टेम सेल समितीचं डिसेंबरमध्ये, आयबीएससीचं जानेवारी २०२३ मध्ये.

दरम्यान खरेदी. पेशी ज्या जेलमध्ये वाढतात ते मॅट्रिजेल उंदराच्या एका गाठीपासून बनवतात. ते परदेशातून कोरड्या बर्फात येतं आणि १० मिलिलिटरची बाटली आम्हाला करांसह पन्नास हजारांच्या आसपास पडली. प्रस्ताव लिहिला तेव्हा संशोधन साहित्याला ५ टक्के जीएसटीची सवलत होती. जुलै २०२२ मध्ये ती गेली आणि १८ टक्के लागू झाले. मंजूर रक्कम अर्थातच तेवढीच राहिली. सरकारी संस्था म्हणून आधी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू नाही याचा अहवाल काढायचा, मग एकाच कंपनीकडून का घ्यायची याचं प्रमाणपत्र, मग मागणीपत्र. लेखा विभागातल्या एका काकांनी मला विचारलं, "मॅडम, जेलीला पन्नास हजार?" त्यांना लॅबमध्ये आणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं (त्या वेळी शेजारच्या लॅबकडून उंदराचे ऑर्गनॉइड शिकण्यापुरते घेतले होते). त्यानंतर माझ्या फाइली त्यांच्या टेबलावर फारशा रेंगाळल्या नाहीत.

पार्सल मुंबईला उतरतं. कस्टममध्ये अडकलं की बर्फ उडत राहतो. म्हणून पुरवठादाराला लेखी कळवा: माल सोमवारी किंवा मंगळवारी उतरला पाहिजे, शुक्रवारी नाही, दिवाळीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. खोकं आल्यावर बर्फ किती उरलाय याचा फोटो, तापमानाच्या पट्टीचा फोटो, मगच सही.

तयार मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण) फार महाग. आम्ही एल-डब्ल्यूआरएन नावाच्या पेशी मागवल्या. या उंदराच्या पेशी आहेत, पण त्यांच्यात जनुकं घालून त्यांना तीन प्रथिनं बनवायला लावलंय: डब्ल्यूएनटी-३ए, आर-स्पाँडिन ३ आणि नॉगिन. मूळपेशींना मूळपेशी म्हणून टिकायला नेमकी हीच लागतात. या पेशींचं मीडियम रोज काढून, गाळून, गोठवून ठेवायचं आणि निम्म्यास निम्म मिसळून वापरायचं. खर्च कितीतरी उतरतो. पण प्रत्येक घाण्याचा जोर वेगळा असतो, म्हणून वीस-पंचवीस बाटल्या एकत्र करून, एका जुन्या लाइनवर तपासून, मगच मोठा साठा वापरायला काढावा. जनुकीय बदल केलेल्या पेशी असल्यानं आयातीआधी आयबीएससीची मंजुरी लागते, हे विसरू नका.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिला नमुना मिळाला. एंडोस्कोपी विभागाच्या बाहेर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायचं. नंबर कधी लागेल ते सिस्टरांनाही सांगता येत नाही. संमती घ्यायची ती भूल द्यायच्या आधी, आणि आतड्याची सफाई होऊन माणूस वैतागलेला असतो तेव्हा नाही. शक्यतो आदल्या भेटीत. शिरूरकडचे एक काका शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी घरी जाणार आन् माझं आतडं तुमच्याकडं ऱ्हाणार. त्याला खायला काय घालता?" मी मीडियममध्ये काय काय असतं ते सांगितलं. त्यांनी तिन्ही चौकोनांपैकी दोनांवर खूण केली, कंपनीच्या चौकोनावर काट मारली.

तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा. थंड द्रावणात धुवायचा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं रसायन) घातलेल्या द्रावणात बर्फावर अर्धा तास, आणि जोरात हलवायचं. तळाशी बसलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की क्रिप्ट, म्हणजे अस्तरातले मूळपेशी असलेले खोलगट कप्पे, दिसतात: कापलेल्या हातमोज्याची सुटी बोटं पसरावीत तशा. त्या मॅट्रिजेलमध्ये मिसळायच्या. हे जेल चार अंशांना पातळ असतं आणि हाताच्या उबेनंही घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे पिपेटची टोकंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवलेली हवीत, आणि ज्या प्लेटमध्ये थेंब टाकायचे ती मात्र ३७ अंशांना आधीच तापवलेली. थेंब टाकला की प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी तळाला चिकटत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी मीडियम. सुरुवातीच्या दिवसांत वाय-२७६३२ हे रसायन घालावं लागतं, नाहीतर एकट्या पडलेल्या पेशी मरतात.

दुसऱ्या दिवशी बोटांची उघडी टोकं मिटलेली असतात. आठवडाभरात पोकळ गोळे. पहिले आमचे गोळे वाढले, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कडेला बारीक तंतू दिसले. बुरशी. आतड्याचा तुकडा म्हटल्यावर जंतू त्याच्याबरोबरच येणार. उन्हाळ्यात निभलं, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर नमुन्यामागून नमुने गेले. शेवटी आमच्या लॅबमधल्या मामांनी इन्क्युबेटरच्या वरच्या एसीच्या जाळीकडे बोट दाखवलं. ती काढून धुतली, इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेचं पाणी दर आठवड्याला बदलायला लागलो, नव्या नमुन्यांसाठी वेगळा इन्क्युबेटर ठरवला. ऑगस्टनंतर लाइन टिकायला लागल्या. त्या काळात रविवार नावाचा वार नव्हता. मीडियम एक दिवसाआड बदलायचं, आठ-दहा दिवसांनी गोळे फोडून एकाचे तीन करायचे, आणि लग्न-मुंजीची निमंत्रणं या वेळापत्रकात बसवायची. लॅबमधली दुसरी व्यक्ती याच कामात तयार करून ठेवा. त्याशिवाय आजारीसुद्धा पडता येत नाही.

जिवाणूंचं काम समांतर चालू होतं. काही प्रजाती पुण्यातल्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहातून, म्हणजे एनसीएमआरमधून घेतल्या, काही आम्ही निरोगी स्वयंसेवकांच्या शौचातून वेगळ्या केल्या. इथे मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको ही अट होती, आणि ती पाळणारा माणूस आपल्या शहरात शोधणं हे स्वतंत्र काम आहे. डबा देताना सगळे लाजतात, आणल्यावर सगळे विनोद करतात.

हे जिवाणू हवा सोसत नाहीत. फीकॅलिबॅक्टेरियम तर मिनिटांत जातो. त्यांच्यासाठी पारदर्शक बंद पेटी असते: आत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाच टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन, भिंतीतून आत गेलेले रबरी हात. उरलासुरला ऑक्सिजन पॅलेडियमच्या जाळीवर हायड्रोजनशी मिळून पाणी होतो. ती जाळी नियमित ओव्हनमध्ये तापवून घ्यावी लागते. माध्यमात रेझाझुरिन घालतात. गुलाबी दिसलं की ऑक्सिजन शिरलाय, रंग गेला की कामाला लागा. मे महिन्यात त्या रबरी हातांत कोपरापर्यंत घाम साचतो. आत सुती हातमोजे घाला.

आठ प्रजातींची वस्ती ठरवली. एकत्र सोडल्या की काही दिवसांत एकदोघी बाकीच्यांना खाऊन टाकतात असं वाटतं, पण रोज ताज्या माध्यमात थोडी थोडी हलवत गेलं की प्रमाण एका जागी येतं. ते आलं का हे डोळ्यांनी कळत नाही, जिवाणूंच्या डीएनएचं सिक्वेन्सिंग करावं लागतं. स्टॅनफर्डमध्ये शंभराहून जास्त प्रजातींची वस्ती बांधलीय. आमचं ते काम नव्हे. आठांचा हिशेब ठेवतानाच वही भरते.

आता खरा पेच. माणसाच्या पेशींना ऑक्सिजन हवा, जिवाणूंना तो नको. सातो यांच्याच जपानमधल्या केयो विद्यापीठातल्या गटानं २०२० मध्ये यावर उपाय छापला होता: ऑर्गनॉइड फोडून पेशी जाळीदार तळाच्या कपात सपाट पसरवायच्या, वरची बाजू बिनऑक्सिजनच्या पेटीतच बुचानं बंद करायची, आणि मग कप साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. पेशींना श्वास खालून मिळतो, वर जिवाणू सुखात. शिगेलासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण आतड्याच्या अस्तराजवळ झिरपणाऱ्या किंचित ऑक्सिजननं त्याची हल्ल्याची यंत्रणा जागी होते. उघड्या बशीत हा फरक दिसणारच नाही. आम्ही २०२४ चा उन्हाळा बुचं बसवण्यात घालवला. बाजारातली रबरी बुचं गळत होती. शेवटी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातून मापानं करून घेतली, अगदी थोडक्या पैशांत.

प्रयोगाआधीच्या दोन तयाऱ्या कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिते. एक, ऑर्गनॉइडच्या मीडियममध्ये नेहमी अँटिबायोटिक असतात. ती काही दिवस आधी बंद करून पेशी पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात, नाहीतर तुमची जिवाणूंची वस्ती आल्या आल्या मरते. दोन, शिगेला काँगो रेड हा रंग घातलेल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) वाढवून बघा. लाल वसाहती उचला. पांढऱ्या निघाल्या त्यांनी बहुधा पेशीत घुसण्याची जनुकं असलेला प्लाझ्मिड (डीएनएचं सुटं कडं) गमावलेला असतो. साठवणीतल्या जुन्या कुपीतून पांढऱ्या बऱ्याच निघतात. दिसायला दोन्ही ठणठणीत, पण पांढरी वापरली तर ती पेशीत घुसतच नाही, वस्तीनंच तिला रोखलं असं वाटतं, आणि प्रयोग निष्कारण 'यशस्वी' होतो.

वापरलेलं सगळं आधी लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक), मग पिवळ्या किंवा लाल पिशवीत, वजनाची नोंद, गाडी येईल त्या दिवशी सही. आयबीएससीची पाहणी झाली तेव्हा त्यांनी माझे निकाल विचारले नाहीत, ही वही मागितली. निकाल काय आले ते इथे लिहीत नाही. ते अजून तपासणीत आहेत.

सध्या एकवीस दात्यांच्या लाइन गोठवून ठेवल्यात, प्रत्येकीच्या कुप्या दोन वेगळ्या इमारतींतल्या टाक्यांत. नायट्रोजनची पातळी मोजायची पाळी लावून दिलीय, दिवाळीतही. आणि बाईंच्या प्रश्नाची फाइल पुन्हा उघडलीय: ज्या मुलांची दुसऱ्या कारणानं बायोप्सी होतेच, त्यांच्या नमुन्यांसाठी दुरुस्ती-अर्ज टाकलाय. यात पालकांची संमती पुरत नाही. सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो, बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मुलांसाठीचं माहितीपत्रक एका पानाचं केलं आणि माझ्या चौथीतल्या भाचीला वाचायला दिलं. तिनं 'ऊती' या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारून दिली, तो काढला. बैठक पुढच्या महिन्यात आहे, कोरम भरला तर.